पिकअपच्या नावाखाली

इंजिनातल्या प्रत्येक स्फोटानंतर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि तापलेला वायू जोराने नळीत शिरतो. हा दाबाचा धक्का तसाच बाहेर सुटला तर कानठळ्या बसतात. सायलेन्सरमधले कप्पे आणि भोकांच्या नळ्या या लाटा उलट फिरवून एकमेकींवर आदळवतात, काही आवाज काचलोकरीत जिरतो आणि उरेल तेवढाच रस्त्यावर येतो. अमेरिकेत रीव्ह्ज बंधूंनी 1897 मध्ये अशा सायलेन्सरचे पेटंट घेतले. रात्री दहानंतर वस्तीतून फटाके फोडत जाणारी बुलेट म्हणजे सव्वाशे वर्षांचे हे काम पाना फिरवून घालवलेले असते.

मूळ सायलेन्सर काढून मोकळी नळी बसवण्याची समर्थने ठरलेली आहेत. आवाजाने लोक बाजूला होतात, हे एक. हौस आहे, हे दुसरे. बाजूला करायला हॉर्न आहे, आणि हौसेची किंमत हौस असणाऱ्याने मोजायची असते, शेजाऱ्याने नव्हे. ‘गाडी मोकळी होते, पिकअप वाढतो’ हे तिसरे मात्र शास्त्राचा आव आणून येते, म्हणून ते नीट तपासायला हवे.

तत्त्वात तथ्य आहे. शर्यतीच्या गाडीत नळीची लांबी आणि व्यास असे जुळवतात की उलट फिरलेली कमी दाबाची लाट व्हॉल्व्ह मिटण्याआधी परत पोहोचते आणि उरलासुरला जळका वायू ओढून घेते. ताज्या मिश्रणाला जागा होते. पण हा मेळ इंजिनाच्या फेऱ्यांच्या ठरावीक पट्ट्यातच बसतो. त्यासाठी कॅमशाफ्ट, हवेचा मार्ग, इंधनाचे प्रमाण हे सगळे बरोबरीने बदलावे लागते. सुमारे 20 अश्वशक्तीच्या, एका सिलिंडरच्या साडेतीनशे सीसी गाडीला दुकानातली तयार नळी जोडून यातले काहीही साधत नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत इंधनाच्या मानाने हवा जास्त होऊन इंजिन तापू शकते. खालच्या फेऱ्यांवरचा जोर, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला पिकअप म्हणतात तोच, बऱ्याचदा घटतो. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, एवढेच. पिकअप खरोखर हवा असेल तर चेन, क्लच, एअर फिल्टर आणि टायरमधली हवा पाहावी. त्या दुरुस्तीचा आवाज गल्लीभर होत नाही, ही तिची अडचण. आणि ज्या फटाक्यांचा अभिमान मिरवला जातो, ते तर सिलिंडरमध्ये न जळता तापलेल्या नळीत जाऊन पेटलेले पेट्रोल आहे. वाया गेलेल्या पेट्रोलला ताकद म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक आहे.

टर्बो मोटारीत मोकळ्या नळीने शक्ती थोडी वाढते, हे मान्य करायला हवे. मात्र त्यासाठी बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच काढून टाकतात. प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या धातूंच्या साहाय्याने कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे निवळणारा तो भाग. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेले बीएस-6 मानक मग कागदावरच उरते.

कायद्यात संदिग्धता नाही. 175 सीसीवरच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना 80 डेसिबलची मर्यादा आहे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा 45 डेसिबल, दवाखाने-शाळांभोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात 40. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते, हे लक्षात घेतले की एका मोकळ्या नळीने आजारी माणसाच्या रात्रीचे काय होते ते कळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार वाहनात परस्पर बदल करता येत नाही. कलम 182 अ नुसार अशा प्रत्येक बदलाला मालकास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

हिंगोली जिल्ह्यात हा विषय आणखी टोचतो. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा हे ठिकाण लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसाठी निवडताना तिथली जमीन किती कमी थरथरते, हे पाहिले गेले. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिला 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या भुजांना शांतता लागते, हे सर्वांना पटते. तापाने फणफणलेल्या लेकराला आणि पहाटे हळदीच्या मोंढ्यात जायचे असलेल्या शेतकऱ्यालाही ती लागते, हे पटवून द्यावे लागते.

पोलीस सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात, त्याचे फोटो छापून येतात. कारवाई योग्यच आहे, पण अपुरी. मूळ सायलेन्सर घरी जपून ठेवलेला असतो. तपासणी असली की तो लागतो, ती टळली की उतरतो. नवा घ्यायला पैसे पुष्कळदा वडीलच देतात, आणि रात्री त्या आवाजाने त्यांचीही झोप मोडते. विकणारा आणि बसवणारा मात्र सहसा मोकळाच राहतो. त्याचा बचाव खोक्यावर छापलेला असतो: ‘फक्त शर्यतीच्या वापरासाठी’. हिंगोली जिल्ह्यात शर्यतीचा ट्रॅक नाही.