दर सगळ्यांचा, वजन ज्याचं त्याचं

मुखेडच्या मोंढ्यात एका अडत दुकानावर सोयाबीनच्या दिवसांत एक पोरगा कामाला लागला. एमएस-सीआयटी झालेला, बोटं झरझर चालणारी. मालकानं मुनीममामांची लाल वही बाजूला ठेवली आणि शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या काढायचं काम त्याच्याकडं दिलं.

पोरानं एक्सेलमध्ये एका ओळीला एक शेतकरी घेतला. सी रकान्यात वजन, ई रकान्यात हमाली, आणि हमालीचा दर एकदाच, वर एच 1 मध्ये. सी 2 ला नाव दिलं 'वजन', एच 1 ला 'हमालीदर'. मग ई 2 मध्ये लिहिलं: वजन गुणिले हमालीदर. नावं न देताही भागलं असतं म्हणा, पण हा फॉर्म्युला मुनीममामांनाही वाचता आला, ही लहान गोष्ट नव्हे. त्यानं सेलचा कोपरा धरून खाली ओढला आणि पट्ट्या छापल्या.

बाऱ्हाळीच्या एका म्हाताऱ्याचं सोयाबीन 2 क्विंटल. पट्टी बघून तो म्हणाला, "बाबा, माझी हमाली 12 क्विंटलची कशी धरलास?"

12 क्विंटल होते पहिल्या पट्टीवरच्या जांबच्या शेतकऱ्याचे. माउसनं सेल दाखवून नाव दिलं की एक्सेल आपणहून रकान्याच्या अक्षराआधी आणि ओळीच्या आकड्याआधी डॉलरचं चिन्ह लावतं, आणि नाव त्या एका सेलला चिकटून बसतं. मग कुठल्याही ओळीतून 'वजन' म्हटलं तरी येतं सी 2 च.

पोरगा चिडला. ई 2 वर उभं राहून नेम मॅनेजर उघडला आणि दोन्ही नावांतले सगळे डॉलर पुसून टाकले. वजन ज्याचं त्याला आलं, म्हाताऱ्याचे पैसे परत मिळाले. पण संध्याकाळी हमाल दारात हजर. पहिली पट्टी सोडली तर एकीतही हमाली लागलेली नव्हती! वजनाबरोबर दरही ओळीओळीनं खाली सरकला होता. ई 3 बघत होता एच 2 कडं, ई 4 एच 3 कडं, आणि ते सगळे सेल रिकामे.

मुनीममामा खुर्ची ओढून बसले. "दशरथेश्वराचं देऊळ कुठं हाय म्हणून कुणीबी इचारलं तरी जागा एकच. पण 'डाव्या हाताचं घर' म्हटलं की ज्यानं त्यानं आपल्या डावीकडं बघायचं. दर देवळावानी हाय, वजन डाव्या हाताच्या घरावानी. तू आधी दोन्ही देवळं केलास, मग दोन्ही घरं."

पोरानं मान हलवली. नेम मॅनेजर पुन्हा उघडून दराला एच 1 लिहिलं आणि दोन्ही डॉलर परत लावले. वजनाला फक्त सी च्या आधी लावायचा होता, म्हणजे रकाना हलणार नाही आणि ओळ हलेल. तो तसं लिहिणार, तोच मामा म्हणाले, "डावीकडं म्हणायच्या आधी आपण कुठं उभं हावं ते बघ."

कर्सर ई 9 वर होता. तिथून 2 हा आकडा लिहिला असता, तर नवव्या ओळीला दुसऱ्या ओळीचं वजन आलं असतं आणि पुढच्या प्रत्येकाला सात ओळी वरच्याचं. पोरानं खिडकी बंद केली, ई 2 वर जाऊन पुन्हा उघडली, डॉलर लावला.

मग पट्ट्या छापून पहिली पट्टी मामांपुढं धरली. त्यांनी ती बाजूला सारली.

"ही तर दोन्ही वेळेला बरोबरच होती," लाल वही उघडत ते म्हणाले. "सातवी काढ."