गरज आणि सोबत
१९९९ साली आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या ऑनलाइन खेळात पात्र मेलं, की त्याचं सामान प्रेतापाशीच पडून राही आणि कमावलेला अनुभवही घटे. सामान परत आणायचं, तर त्याच धोक्याच्या जागी रिकाम्या हातानं जावं लागे. अनेकदा अनोळखी माणसाची मदत मागून. जुन्या ऑनलाइन खेळांचे चाहते या जाचाबद्दल प्रेमानं बोलतात, तेव्हा प्रश्न पडतो: माणसं जोडते ती आवड, की गरज? माझ्या मते गरज. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २००९च्या डिसेंबरात वेगवेगळ्या सर्व्हरांवरचे खेळाडू आपोआप जुळवणारी सोय आली. त्याआधी शहरात हाका घालून माणसं जमवावी लागत. त्यामुळे लबाडाची बदनामी सर्व्हरभर होई आणि भरवशाच्या खेळाडूला मान मिळे. नंतर गट झटपट जमू लागला, पण बहुधा पुन्हा न भेटणाऱ्यांचा. वागण्याचा हिशेब द्यावा लागेनासा झाला आणि नीतीचा आधारच सुटला.

कुणी म्हणेल, ही हळहळ सरलेल्या तरुणपणाची आहे. त्यात तथ्य आहे: २०१९मध्ये ‘वॉरक्राफ्ट’चं जुनं रूप ‘क्लासिक’ म्हणून परत आलं, तेव्हा जग जुनंच होतं, पण बरेच खेळाडू उत्तरं पाठ करून आले होते. तरीही खेळाच्या २००७च्या प्रतीवरून २०१३मध्ये सुरू झालेलं ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’, बदलांवर खेळाडूंचं मतदान घेत, केवळ हळहळीवर इतकी वर्षं टिकलं नसतं. नोकरी-संसारातून जेमतेम अर्धा तास मिळतो, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. तो वेळ वाचवावाच. मात्र त्यापायी मदत मागण्याचा प्रसंगच काढून टाकणं हे खेळाडूचं नुकसान आहे.