न वाचणाऱ्याचा पैसा

जो मनुष्य जन्मांत पुस्तकास हात लावणार नाहीं, त्याच्याकडून दुसऱ्याच्या पुस्तकासाठीं पैसा घेणें न्याय्य आहे काय? सुशिक्षित माणसें हा प्रश्न बहुधा तुच्छतेनें झटकून टाकतात. आम्हांस तसें करवत नाहीं. रस्ता व पाणी कोणासच टाळतां येत नाहीं. वाचनालय मात्र ज्याला नको त्याला खुशाल टाळतां येतें. मग त्याच्या खिशांत हात घालण्याचा अधिकार वाचकास कोठून आला?

इंग्लंडांत 1850 सालीं विल्यम युअर्ट यांच्या खटपटीनें सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यानें हा प्रश्न शहरोशहरच्या करदात्यांवरच सोंपविला. दहा हजार वा अधिक वस्तीच्या नगरानें मत घ्यावें; दोन-तृतीयांश मतें अनुकूल पडलीं, तरच मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या दर पौंडामागें फार तर अर्धा पेनी कर बसवावा. गंमत अशी कीं, या पैशांतून इमारत उभारतां येई, नोकर ठेवतां येत, पण पुस्तकें घेतां येत नसत! तीं कोणी तरी दान करील असा भरंवसा. 1855 मध्यें ही चूक सुधारली व मर्यादा एक पेनी झाली; ती 1919 पर्यंत टिकली.

मँचेस्टरनें 1852 मध्यें कौल घेतला, तेव्हां विरुद्ध अवघीं चाळीस मतें पडलीं. त्याच वर्षीं बर्मिंगहॅममध्यें बहुमत अनुकूल असूनहि दोन-तृतीयांश भरलें नाहीं; त्या शहरानें हा कायदा 1860 सालीं पत्करला. आम्हांस मँचेस्टरच्या विजयापेक्षां हा पराभवच अधिक बोलका वाटतो. जेथें 'नको' या शब्दानें काम खरोखर अडूं शकतें, तेथेंच 'हो' या शब्दाला किंमत येते. उरलेल्या तृतीयांशावर थोडी जबरदस्ती होते, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण कौल देणारे होते घरपट्टी भरणारे पुरुष. स्त्री-करदात्यांस नगराच्या निवडणुकींत मत मिळालें तें 1869 सालीं. ज्यांना मत नव्हतें त्यांच्यासाठींहि दार उघडण्याचा खर्च मतदारांनीं आपणां स्वतःवर लादून घेतला.

दार कोणी उघडलें यानें आंत शिरणाऱ्याच्या मनांत केवढा फरक पडतो, तें आम्हीं अनुभविलें आहे. विद्यार्थीदशेंत एका जिल्ह्याच्या गांवीं वाचनालयाची अनामत रक्कम भरण्याची ऐपत आम्हांस नव्हती. एका सद्‌गृहस्थांच्या शब्दावर पुस्तकें मिळूं लागलीं, परंतु ते समोर दिसले कीं आम्ही उठून उभे राहत असूं, आणि त्यांना न आवडणारें पुस्तक मागण्याचा धीर आम्हांस दोन वर्षांत एकदांहि झाला नाहीं. उपकार खरा होता. वाचन मात्र त्यांचें होतें, आमचें नव्हतें.

अमेरिकेंतील सिॲटल शहराच्या मतदारांनीं 2019 मध्यें ग्रंथालयांसाठीं सात वर्षांचा कर मंजूर केला आणि त्याच कौलानें उशिराबद्दलचा दंड रद्द झाला. दंडाच्या भीतीनें दूर राहिलेला वाचक तेथें कोणाचे पाय न धरतां परत येऊं शकला.

आमच्याकडे मद्रास प्रांतानें 1948 च्या कायद्यानें मालमत्ता-करावर ग्रंथालय-पट्टी बसविली. महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यांत अशी पट्टी नाहीं. वाचनालयें चालतात तीं सभासदांच्या वर्गणीवर व सरकारी अनुदानावर. पट्टी बसवावी कीं नाहीं, हें आम्हां करदात्यांस मात्र कोणीं विचारलेलें नाहीं.

म्हणून आम्हींच परवां आमच्या वाण्यास विचारलें. ते हिशेबाच्या वहीपलीकडे कांहीं वाचीत नाहींत. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, आमची मुलगी तेथें अभ्यासाला बसते. साडेसातला दिवे मालवतात. नऊपर्यंत ठेवणार असाल, तर आमचें मत घ्या."