खोक्यामागची अट

फिनलंडमध्ये बाळ यायच्या आधी सरकारकडून पुठ्ठ्याचं एक खोकं घरी येतं. बाळाचे कपडे, पांघरूण आणि तळाशी छोटीशी गादी. खोकं रिकामं केलं की बाळ त्यातच झोपू शकतं. 1938 साली हे फक्त गरीब मातांसाठी सुरू झालं, तेव्हा तिथे हजारातली साठहून अधिक बाळं वर्षाच्या आत दगावत होती. आज हे प्रमाण हजारी दोनच्या आसपास आहे. जगाने कौतुक केलं ते खोक्याचं, कारण त्याचा फोटो छान येतो! पण 1949 मध्ये ते सगळ्या मातांना खुलं झालं, तेव्हा एक अट होती: गरोदरपणाचा चौथा महिना संपण्याआधी डॉक्टरकडे किंवा माता-बाल केंद्रात तपासणी झालीच पाहिजे. आणि अशी केंद्रं चालवणं प्रत्येक नगरपालिकेवर 1944 च्या कायद्यानेच बंधनकारक झालं होतं.

कुणी म्हणेल, बालमृत्यू घटले ते नव्या औषधांमुळे आणि सुबत्तेमुळे. खरंच आहे, त्यांचाही वाटा मोठा. पण औषध पोचायला बाई आधी दवाखान्यात यावी लागते, आणि ही योजना सुरू झाली तेव्हा फिनलंड श्रीमंत नव्हता. श्रीमंतांना फुकट कशाला, हा आक्षेपही येतो. मदत फक्त गरिबांची असली की ती घेताना मान खाली जाते. सगळ्यांचीच झाली की तपासणीला जाणं ही रीत बनते. तेव्हा ज्या सरकारांना ही योजना उचलायची आहे, त्यांनी पहिला पैसा तपासणी केंद्रांवर खर्च करावा.