आधी हात मागे

भिवंडीत, कामतघरला दादाकडे राहायला गेले होते. रात्रीचे अकरा वाजले होते. शेजारच्या कारखान्यातल्या मागांची खटखट चालूच होती. भाचा संगणकापुढे कपाळ धरून बसला होता. ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ नावाचा एक उपक्रम आहे. जेरार्ड बीकमन्स यांनी तो १९९९ साली सुरू केला. तयार प्रणाली न घेता एकेक भाग जुळवत संगणकाची अख्खी प्रणाली घरीच कशी उभी करायची, हे त्याचं पुस्तक शिकवतं. पोराने ती उभी केली होती. वर डिस्कला कुलूपही घातलं होतं. म्हणजे संगणक चोरीला गेला तरी आतलं कुणाला वाचता येऊ नये. आता संगणक पासवर्ड विचारत होता, पण दिला तरी डिस्क उघडत नव्हती. “आत्या, पासवर्ड बरोबर आहे गं. पेनड्राइव्हवरून दुसरी प्रणाली चालू केली की हाच चालतो.” तरी तो तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा घालत होता. कधी सावकाश, कधी कळा जोरात दाबून. शेवटी वैतागून म्हणाला, “जाऊ दे. सगळं पुसतो आणि नवं कुलूप घालतो.”

दादा दारात उभा होता. तीस वर्षं लूम चालवलेला माणूस. लिनक्सचा त्याला गंध नाही. तो एवढंच म्हणाला, “आधी हात काढ त्याच्यावरून. खाली काय लिहून आलंय ते वाच.” पोराने वाचलं. पासवर्ड चुकला असता, तर या पासवर्डने कुठलीही किल्ली मिळत नाही, अशा अर्थाची ओळ आली असती. इथे वेगळीच ओळ होती. ‘एईएस-एक्सटीएस’ जातीचं कुलूप तुमच्या कर्नलला चालवता येतं का ते तपासा, असं ती सांगत होती. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. तो पोराने स्वतःच बांधला होता. पर्यायांच्या त्या भल्यामोठ्या यादीत एका ठिकाणी खूण करायची राहून गेली होती. पेनड्राइव्हवरच्या गाभ्यात ती होती, म्हणून तिथे डिस्क उघडायची. दोन रात्री ती ओळ त्याच्या डोळ्यांसमोर होती. सगळं पुसलं असतं, तर डिस्कच्या सुरुवातीला असलेली किल्ल्यांची नोंद गेली असती आणि खरा पासवर्ड माहीत असूनही जुनं काहीच परत मिळालं नसतं. आणि गंमत म्हणजे त्याच जातीचं नवं कुलूपसुद्धा उघडलं नसतं!

खूण करून गाभा पुन्हा बांधायला घेतला. तो तयार होईपर्यंत आम्ही चहा घेतला. मी दादाला विचारलं, तुला कसं सुचलं? तो म्हणाला, “लूमवर तेच असतं. ताण्यातली तार तुटली की नवा पोरगा घाईने हात घालतो. एक तार शोधताना शेजारच्या चार तोडतो. जुना कारागीर लूम थांबवतो, हात मागे घेतो आणि आधी बघतो. कुठून तुटली, टोक कुठे गेलं. मग गाठ मारून फणीतून ओवतो. बघायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही गाठ मारायला लागत नाही.”

आपलंही रोज असंच होतं. मिक्सर फिरत नाही, म्हणून आपण बटण दहादा दाबतो. खालचं लाल बटण मात्र बघायचं राहतं. मूल डबा खात नाही, म्हणून तेच वाक्य चढ्या आवाजात पुन्हा म्हणतो. त्याचा दात दुखतोय का, हे विचारायचं राहतं. आपली तळमळ खरी असते, कष्टही खरे असतात. कमी पडतं ते मधलं एक मिनिट. आज काही अडलं, तर ते मिनिट स्वतःला द्या. हात मागे घ्या. समोरची वस्तू, समोरचं माणूस काय सांगतंय ते एकदा शेवटपर्यंत वाचा. पोराची डिस्क त्या रात्री जुन्याच पासवर्डने उघडली. पहिल्याच वेळी, आणि कळा जोरात न दाबता.