मैत्री आणि निर्ममता

श्रीमद्भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना श्रीभगवंतांनी 'मैत्र' आणि 'निर्मम' ही दोन विशेषणे एकाच श्लोकात ठेविली आहेत. वरवर वाचणाऱ्यास हा विरोध वाटतो. जो मैत्री करितो त्याला मित्राविषयी ममत्व असणारच, आणि ज्याचे ममत्व गळाले तो मैत्री कशाच्या बळावर करील? व्यवहारातील बहुतेक मैत्री 'माझा' या एका शब्दावर उभी असते, ही गोष्ट खरी आहे. म्हणूनच या दोन विशेषणांची संगती भाष्ये चाळून जितकी उमगते, त्याहून अधिक ती मित्राला अखेरचा निरोप देण्याची वेळ आली म्हणजे उमगते.

शोकसभा ही वक्त्याच्या दृष्टीने मोठी कठीण जागा आहे. गेलेल्या मनुष्याविषयी बोलावयास उभा राहिलेला गृहस्थ पाहता पाहता स्वतःविषयी बोलू लागतो. ते मला काय म्हणाले, मी त्यांना कोणता सल्ला दिला, माझ्यावर त्यांचा किती लोभ होता, यातच वेळ सरतो. दुसरा एक प्रकार याहून सूक्ष्म आहे. मृताला आता उत्तर देता येत नाही, याचा लाभ घेऊन त्याला आपल्या पक्षाचा, आपल्या मताचा करून टाकण्याचा तो प्रकार होय. हेही ममत्वच, फक्त त्याने आदराची शाल पांघरलेली असते.

या दोन्ही मोहांतून एक महाराष्ट्रीय पुरुष कसा पार पडला, ते कोलकात्यातील एका सभेवरून पाहण्यासारखे आहे. मार्च 1912 मध्ये तेथील टाऊन हॉलमध्ये भगिनी निवेदितांच्या स्मरणार्थ सभा भरली. 1813 साली बांधलेल्या, भव्य स्तंभांच्या या वास्तूने पुष्कळ सभा पाहिल्या होत्या. निवेदितांनी 13 ऑक्टोबर 1911 रोजी दार्जिलिंग येथे देह ठेविला होता. वयाची चव्वेचाळीस वर्षे पुरी होण्यास पंधरा दिवस उरले होते. सभेतील वक्त्यांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे होते.

दोघांचे स्वभाव किती भिन्न! गोखले प्रत्येक शब्द तोलून बोलणारे, आकडेवारीत रमणारे, सनदशीर मार्गावरून रेसभरही न ढळणारे. निवेदिता आयर्लंडमध्ये जन्मलेल्या, उत्कट, रोखठोक. 1898 साली स्वामी विवेकानंदांकडून ब्रह्मचर्यदीक्षा घेऊन त्यांनी बागबाजारच्या बोसपाडा गल्लीत मुलींची शाळा उघडली, आणि पुढच्याच वर्षी प्लेग आला तेव्हा स्वतः झाडू हाती घेऊन रस्ता झाडला. 1902 साली स्वामीजींच्या निर्याणानंतर स्वदेशकार्यासाठी त्या संघाच्या व्यवस्थेपासून अलग झाल्या. नेमस्तांचा धीमा मार्ग त्यांना मानवणारा नव्हता. महात्मा गांधींनी आत्मकथेत एक आठवण दिली आहे. 1902 च्या आरंभी ते कोलकात्यात गोखल्यांकडे राहिले असता निवेदितांना भेटले, परंतु मने जुळली नाहीत. ही गोष्ट त्यांनी गोखल्यांस सांगितली, तेव्हा अशा उसळत्या स्वभावाच्या व्यक्तीशी तुमचे जमू नये यात नवल नाही, अशा आशयाचे गोखले बोलले. मैत्रिणीचा स्वभाव त्यांनी पुरता ओळखला होता, आणि तो ओळखूनही मैत्री राखली होती. 1905 च्या काशी येथील राष्ट्रसभेचे गोखले अध्यक्ष होते, तेव्हा निवेदिताही तेथे होत्या. मतभेद मिटले नाहीत, पण त्यांनी स्नेहाची वाट अडविली नाही.

टाऊन हॉलमध्ये गोखल्यांनी ही मतभेदाची हकीकत उगाळली नाही आणि ऐक्याचा खोटा मुलामाही चढविला नाही. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता की, निवेदितांना भेटणे म्हणजे निसर्गातील एखाद्या महाशक्तीच्या सान्निध्यात येणे होय. त्या या देशावर उपकार करावयास आल्या नव्हत्या, तर भारताची हाक ऐकून, येथील लेकरांचे सुखदुःख वाटून घेण्यास आल्या होत्या. या भाषणात 'माझी मैत्रीण' कमी आणि 'भारताची निवेदिता' अधिक होती. निवेदिता म्हणजे अर्पण केलेली. जी एकदा अर्पण झाली तिच्यावर मित्राने तरी मालकी कशी सांगावी? 'मैत्र' आणि 'निर्मम' यांची संगती ती हीच.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या महिन्यात हा निरोप द्यावा लागला, त्याच महिन्यात गोखल्यांच्या आयुष्यातील एक मोठा पराभव झाला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक 19 मार्च 1912 रोजी कोलकात्यातच, वरिष्ठ कायदेकौन्सिलात, 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. मधुमेहाने शरीर पोखरलेले, वर्षभराचे श्रम वाया गेलेले. अशा वेळी मनुष्याला वैराग्य न येता वैताग येतो! परंतु आपल्या पिढीस अपयशातूनच देशाची सेवा करावयाची आहे, अशी भूमिका त्यांनी त्या चर्चेतच मांडिली होती. फळावर अधिकार नाही हे दुसऱ्या अध्यायातील शिकवण ज्याच्या कर्मात अशी उतरली, त्याच्याच तोंडी निवेदितांसारख्या निष्काम सेविकेचे स्मरण शोभते.

मग निर्मम पुरुष रडत नाही काय? असे मानणे चूक होईल. शके 1218 च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदीत ज्ञानेश्वर महाराजांनी समाधी घेतली, तेव्हा नामदेवरायांच्या शोकाला पार राहिला नाही. त्यांच्या समाधिवर्णनाच्या अभंगांतून तो आजही ऐकू येतो. पण त्या शोकात ज्ञानदेवांना मागे ओढण्याचा हट्ट टिकला नाही. अर्जुनाला भगवंतांनी जो शोक सोडावयास सांगितला, तो बुद्धी झाकून कर्तव्यापासून पळविणारा शोक होय. त्याच अर्जुनाला चौथ्या अध्यायात भगवंत आपला भक्त आणि सखा म्हणवितात. सख्य त्याज्य असते तर हा शब्द त्यांनी उच्चारला नसता. अश्रू ममतेचेही असतात आणि कृतज्ञतेचेही. कोणते कोणाचे, हे ज्याचे त्याने ओळखावे.

सगळ्यांनाच बोलून निरोप देता येतो असेही नाही. आचार्य जगदीशचंद्र बसू आणि त्यांच्या पत्नी अबला बसू यांनी दार्जिलिंगला निवेदितांची अखेरची शुश्रूषा केली. पुढे 30 नोव्हेंबर 1917 रोजी बसूंनी कोलकात्यात आपले विज्ञानमंदिर उघडले, तेव्हा तेथे दीप हाती घेतलेल्या एका स्त्रीचे शिल्प बसविले. ते निवेदितांच्या स्मरणार्थ आहे.

गोखल्यांना मात्र हे विज्ञानमंदिर पाहावयास मिळाले नाही. टाऊन हॉलमधील त्या सभेला तीन वर्षेही लोटली नव्हती, तोच 19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. राजकारणात ज्यांच्याशी आयुष्यभर विरोध झाला ते लोकमान्य टिळक ती वार्ता ऐकून सिंहगडावरून पुण्यास आले, आणि स्मशानभूमीत गोखल्यांचे गुण सांगावयास उभे राहिले.