जुने ठेवावे काय, बदलावे काय?

आमच्या वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ कित्येक वर्षे माळ्यावर पडून होता. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल युखरिस्तिक काँग्रेससाठी मुंबईला आले, त्या बातम्या आमच्या घराने ह्याच रेडिओवर ऐकल्या होत्या. आम्ही भावंडांनी तो पुन्हा बोलता करायचे ठरवले.

जुन्या पिढीतल्या एका मेकॅनिक अंकलनी पहिलीच ताकीद दिली, "लाडाने प्लग लावून बघू नका!" अशा रेडिओत ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर व्हॉल्व्ह मिळून सुमारे २५० व्होल्टचा डीसी दाब तयार करतात. तो स्थिर ठेवण्याचे काम फिल्टर कंडेन्सरचे. रेडिओ बंद असला तरी कंडेन्सरमधला ओलावा वर्षानुवर्षे सुकत जातो. मग कधी नुसती घरघर ऐकू येते, तर कधी कंडेन्सर शॉर्ट होतो आणि रेक्टिफायर व ट्रान्सफॉर्मरही जाळून टाकतो. म्हणजे वडिलांची आठवण म्हणून जो भाग आम्ही जपणार होतो, तोच बाकीचा रेडिओ संपवणार होता.

कंडेन्सर बदलायचा ठरला. "मग मोठाच घालू," असे आम्हांला वाटले. अंकल म्हणाले, "नको. रेक्टिफायर व्हॉल्व्हलाही सोसण्याची मर्यादा असते. जेवढ्याचा होता तेवढ्याचाच घाला." उत्साहानेही नुकसान होते, हे तेव्हा कळले.

जुन्या कंडेन्सरचा ॲल्युमिनियमचा डबा आतून रिकामा करून नवा कंडेन्सर त्यात बसवला. वरून सारे पूर्वीसारखेच दिसू लागले. तेव्हा थोरल्या बहिणीने विचारले, "ही फसवणूक नाही का? नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यात घालू नये, असे प्रभू येशूने सांगितले आहे ना?"

प्रश्न खरा होता, म्हणून आम्ही त्यावर विचार केला. बुधला फुटतो, कारण आंबणाऱ्या द्राक्षारसाचा ताण त्यालाच सोसावा लागतो आणि जुन्या कातड्यात ताणण्याची शक्ती उरलेली नसते. इथे डब्यावर कसलाच भार नाही. २५० व्होल्ट सोसतो तो आतला नवा कंडेन्सर. डबा केवळ आठवण म्हणून उभा आहे. ज्याच्यावर भार नाही ते जुने खुशाल ठेवावे, ज्याच्यावर भार आहे ते धड असलेच पाहिजे.

रेडिओ बोलू लागला. काही दिवसांनी एका पाहुण्यांनी कौतुकाने विचारले, "आतले सगळे मूळचेच आहे ना?" आणि आमच्यातल्या एकाच्या तोंडून "हो" निघून गेले. रेडिओ विकायचा नव्हता, कोणाचे काही बुडणार नव्हते. तरीही त्या रात्री आम्हां कोणालाच बरे वाटले नाही. खोटेपणा डब्यात नव्हता, त्या "हो"मध्ये होता. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना फोन करून खरे सांगितले, आणि काय बदलले, कधी बदलले ह्याची चिठ्ठी रेडिओच्या मागच्या झाकणाला आतून चिकटवली. उद्या जो कोणी तो उघडेल, त्याला सत्य सापडेल.

प्रिय भाविकांनो, आपल्या घरांतही असे जुने डबे आहेत. संध्याकाळची रोजरी, सणाचे जेवण, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेण्याची रीत. ते टाकून देण्याची गरज नाही. पण आतली प्रार्थना सुकली आहे का, भावाभावांतले बोलणे आटले आहे का, हे बाहेरून दिसत नाही. नुसत्या पॉलिशने घरघर थांबत नाही. पापनिवेदनाला जाताना आपण तेच करतो: झाकण उघडतो, बिघडलेल्या गोष्टीचे नाव घेतो आणि ती बदलण्यासाठी प्रभूच्या हाती देतो.

ह्या आठवड्यात आपण स्वतःला एकच प्रश्न विचारू या: आमच्या घराचा भार आज नेमका कशावर आहे, आणि ते आतून धड आहे का?